तक्रार आली नाही म्हणून

आमच्या ओपन सोर्स लायब्ररीतली, म्हणजे कुणालाही वापरता येणाऱ्या खुल्या कोडच्या संचातली, एक फाइल काढून टाकावी, अशी पुल रिक्वेस्ट (कोडमध्ये बदल सुचवणारी विनंती) यंदा पावसाळ्याच्या तोंडावर आली. पाठवणारी गोव्यात फर्मागुढीला इंजिनिअरिंग शिकणारी मुलगी. तिने कारणं थोडक्यात आणि नेमकी लिहिली होती. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या आवृत्ती ३ वर आल्यापासून ही फाइल चुकीचं उत्तर देते, हिच्या चाचण्या कुणीतरी बंद करून ठेवल्या आहेत, आणि इतक्या काळात एकाही माणसाने तक्रार केलेली नाही. म्हणजे हे कुणी वापरत नाही.

यातल्या पहिल्या तिन्ही गोष्टी मी तपासल्या, खऱ्या निघाल्या. शेवटचं वाक्य मात्र तपासता येण्यासारखं नव्हतं. ते अनुमान होतं. आणि ओपन सोर्समध्ये रोज कुठे ना कुठे हेच अनुमान काढून कोड हटवला जातो. त्या अनुमानावर किती भरवसा ठेवावा, याचा विचार तेव्हापासून माझ्या डोक्यात चालू आहे.

आधी ही लायब्ररी काय करते ते सांगतो. प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक चिन्हाला स्वतःचा क्रमांक देणारं युनिकोड रुळण्यापूर्वी संगणकावर मराठी लिहायचं तर फॉन्टमध्येच करामत करावी लागे. इंग्रजी अक्षरांच्या आणि विरामचिन्हांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत. श्री-लिपी, आकृती, सी-डॅकचे डीव्ही-टीटी कुळातले फॉन्ट, शिवाजी, किरण. प्रत्येकाची मांडणी निराळी. फॉन्ट जागेवर असेल तोवर कागदावर स्वच्छ मराठी. फॉन्ट गेला की उरतो तो परकी चिन्हांचा चिखल. आमची लायब्ररी त्या चिखलातून मराठी परत काढते. ऐकायला सोपं वाटतं, पण नुसती एका चिन्हाच्या जागी दुसऱ्याची अदलाबदल करून भागत नाही. त्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी अक्षराच्या आधी टंकली जायची, कारण ती दिसते आधी. युनिकोडमध्ये ती अक्षरानंतर येते. रफाराचं उलट. ‘ग’ कधी एकसंध, तर कधी अर्धा ग आणि पुढे काना. हे सगळं उलगडून पुन्हा ओळीत लावावं लागतं, आणि प्रत्येक फॉन्टसाठी ते कुणीतरी हाताने बसून शोधून काढलेलं असतं.

ज्या फाइलबद्दल बोलतो आहे ती अशाच एका फॉन्टची. ती का बिघडली हे सांगण्यासारखं आहे. पायथन २ मध्ये मजकूर म्हणजे सरळ बाइटांची माळ होती, आणि आमच्या तक्त्यात चिन्हं त्या बाइटांच्या क्रमांकानेच लिहिली होती. पायथन ३ मध्ये मजकूर आत येतो तो युनिकोड होऊन. विंडोजच्या जुन्या सांकेतिक तक्त्यात १२८ ते १५९ या जागांवर वळणदार अवतरणचिन्हं, लांब डॅश अशी चिन्हं असतात, आणि युनिकोडमध्ये त्यांचे क्रमांक अगदी वेगळे आहेत. तक्ता जुन्या क्रमांकाची वाट पाहत राहतो, तो येतच नाही, आणि त्या जागी बसवलेली देवनागरी अक्षरं गळून जातात. या फॉन्टमध्ये नेमका ‘त्र’ तिथे होता. त्यामुळे ‘सूत्रधार’ दिला की बाहेर ‘सूधार’ येतो. ‘मात्र’चा ‘मा’ होतो. प्रोग्राम कुठेही अडत नाही, लाल अक्षरांत काही ओरडत नाही. एक पान वाचणाऱ्याच्या लक्षात येईल. तीनशे पानं एकदम रूपांतरित करून मूळ फाइल पुसून टाकणाऱ्याच्या लक्षात येणार नाही.

अशी फाइल ठेवावी का? नाही. यात मला कधीच शंका नव्हती.

मोडका कोड पडून राहिला तर काय बिघडतं, असं अनेकजण म्हणतात. मायाही वाटते. कुणीतरी रात्री जागून लिहिलेलं असतं. पण पडून राहिलेला कोड नुसता पडून राहत नाही. युरोपचं एरियान ५ रॉकेट ४ जून १९९६ ला पहिल्याच उड्डाणात चाळीसेक सेकंदांत नष्ट झालं. दिशा जुळवण्याचं एक काम आधीच्या एरियान ४ मधून त्याच्या संगणकात जसंच्या तसं आलं होतं, आणि उड्डाणानंतरही काही सेकंद ते चालू राहायचं. एरियान ४ ला त्याचं प्रयोजन होतं. एरियान ५ ने जमीन सोडल्यावर त्याला काहीच अर्थ उरत नव्हता. नव्या रॉकेटचा आडवा वेग जास्त होता. तो आकडा सोळा बिटांच्या जागेत मावेना, मुख्य आणि राखीव असे दोन्ही संगणक एकाच कारणाने बंद पडले. ज्या हिशेबाची कुणालाच गरज नव्हती, त्याने रॉकेट पाडलं.

१ ऑगस्ट २०१२ ला न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात नाइट कॅपिटल या कंपनीचं असंच झालं. आठ सर्व्हरांपैकी एकावर नवा कोड चढवायचा राहून गेला, आणि नवं काम सुरू करणाऱ्या खुणेनेच त्या एका सर्व्हरवर २००३ पासून न वापरलेला जुना कोड जागा झाला. पाऊण तासात ४० कोटी डॉलरांहून अधिक रक्कम गेली.

ओपन सोर्समधलं उदाहरण हवं असेल तर क्यूईएमयूमधल्या फ्लॉपीचं घ्या. आभासी यंत्रं चालवणाऱ्या या प्रोग्राममध्ये फ्लॉपी ड्राइव्हची नक्कल करणारा कोड होता. २०१५ च्या मे महिन्यात त्यात ‘व्हेनम’ नावाची भेग सापडली. ती २००४ पासून तिथे होती. जगभरच्या डेटा सेंटरांमध्ये फ्लॉपी कोण वापरत होतं? पण प्रशासकाने फ्लॉपी बंद केली तरी तो कोड आत जागाच राहायचा, आणि आभासी यंत्रातला घुसखोर त्यातून बाहेरच्या यंत्रापर्यंत पोचू शकत होता. वापर शून्य, धोका पूर्ण. अगदी हीच भीती इंटरनेटवरची देवाणघेवाण कुलूपबंद करणाऱ्या ओपनएसएसएल या लायब्ररीच्या बाबतीत, २०१४ ला तिच्यातली हार्टब्लीड ही भेग उघडकीला आल्यावर, ओपनबीएसडी या ऑपरेटिंग सिस्टिमच्या मंडळींना वाटली. त्यांनी तिची वेगळी शाखा काढली, लिब्रेएसएसएल, आणि सुरुवातीच्या थोड्या दिवसांतच सी भाषेच्या ९० हजारांवर ओळी काढून टाकल्या. ओएस/२ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टिमसाठीचा कोड, जुन्या मॅकसाठीचा, सोळा बिटांच्या विंडोजसाठीचा. ज्या कोडवर सगळ्या जगाचं कुलूप टांगलेलं, त्यात हे सगळं सामान तोवर भरलेलं होतं.

आमच्या लायब्ररीवर रॉकेट उडत नाही. पण आमच्या पहिल्या पानावर ‘हे फॉन्ट चालतात’ अशी यादी आहे आणि त्यात या फॉन्टचं नाव आहे. तिथे नाव ठेवणं म्हणजे येणाऱ्याला खोटं सांगणं. माझ्या दृष्टीने हा सगळ्यात मोठा दोष. न वापरला जाणारा पण नीट चालणारा कोड मी सहसा हात न लावता ठेवतो; त्याच्या चाचण्या चालू असतील तर तो आपली बाजू आपण सांगतो. न वापरला जाणारा आणि मोडलेला कोड आला की प्रश्न उभा राहतो, आणि मोडलेला असूनही वापरला जाणारा आला की दुरुस्तीला बसावं लागतं. पण ‘न वापरला जाणारा’ हे शब्द म्हणायचे कशाच्या आधारावर?

मोठे प्रकल्प हे कसं ठरवतात ते मी गेली अनेक वर्षं लक्ष देऊन पाहतो आहे. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, ‘मेंटेनर्स’ नावाची एक भलीमोठी फाइल आहे. कर्नलचा कोणता भाग कोण सांभाळतो, याची ती नोंदवही. प्रत्येक नोंदीसमोर स्थिती लिहिलेली असते: सांभाळला जातो, अधूनमधून दुरुस्ती होते, अनाथ, कालबाह्य. त्या वहीतला ‘अनाथ’ हा शेरा मला फार प्रामाणिक वाटतो. कोड चांगला की वाईट याबद्दल तो काही बोलत नाही. हाक मारली तर ओ देणारं कुणी नाही, इतकंच सांगतो.

आमच्याकडे खाजन शेतीत बांधाला मानस असते, भरतीचं खारं पाणी अडवणारं आणि ओहोटीला आतलं पाणी सोडणारं लाकडी दार. मानस सांभाळणारा माणूस सोडून गेला त्या दिवशी दार अगदी ठीक असतं. दुसऱ्या दिवशीही. फळ्या कुजतात सावकाश, आणि कुजल्या हे कळतं एखाद्या अमावास्येच्या उधाणाला, शेतात खारं पाणी शिरल्यावर. कोडचं अनाथपण असंच, पुढच्या उधाणापर्यंत दिसत नाही. म्हणून दार आज उघडतं-मिटतं का, यापेक्षा त्याच्यापाशी कोण आहे हे आधी विचारावं.

फ्लॉपी चालवणारा कर्नलमधला कोड, म्हणजे तिचा ड्रायव्हर, लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्सने २०१९ मध्ये अनाथ म्हणून नोंदवला, कारण तो सांभाळणाऱ्याकडेच चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह उरली नव्हती. नोंद झाली आणि नंतर कुणीतरी पुढे येऊन काम हाती घेतलं; ड्रायव्हर राहिला. मोटोरोलाची ६८००० ही चिपमाला तर माझ्या लहानपणीची. तिच्यावरच्या यंत्रांसाठीचा कोड आजही कर्नलमध्ये आहे, कारण ती यंत्रं प्रेमाने चालू ठेवणारी आणि कोड तपासणारी माणसं आहेत. उलट २०१८ मध्ये आवृत्ती ४.१७ मधून एकदम आठ प्रकारच्या प्रोसेसरांचा आधार काढला गेला, सुमारे ५ लाख ओळी. त्यांतले काही ६८००० पेक्षा पुष्कळ नवे होते. वय कुणी मोजलंच नाही. माणूस आहे का, एवढंच पाहिलं. खुद्द ३८६ चिपचा आधार, जिच्यावर १९९१ मध्ये लिनक्स जन्मलं, २०१३ च्या आवृत्ती ३.८ मध्ये गेला. जन्मस्थान म्हणून सवलत नाही.

मला सर्वांत पटलेली पद्धत रायझरएफएस या, डिस्कवर फाइली मांडून ठेवणाऱ्या फाइल सिस्टिमच्या निरोपाची. एके काळी सुसे लिनक्समध्ये ती आपोआप मिळायची. लोकांचा सगळा डेटा तिच्यावर. कर्नलवाल्यांनी २०२२ मध्ये आवृत्ती ५.१८ पासून जाहीर केलं की ही जाणार, आणि ती वापरणाऱ्याला यंत्रावर तशी सूचना दिसू लागली. काढली प्रत्यक्षात २०२५ च्या सुरुवातीला आलेल्या ६.१३ मध्ये. मधली जवळजवळ तीन वर्षं कशासाठी? डेटा दुसरीकडे हलवायला, नवी डिस्क घ्यायला, आणि कुणाला हरकत असेल तर बोलायला. पायथननेही आपल्या मूळ संचातले १९ जुने मोड्यूल असेच काढले. आवृत्ती ३.११ मध्ये इशारा, २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ३.१३ मधून गच्छंती.

लिहिलेल्या कोडचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणाऱ्या जीसीसी कंपायलरचा रिवाज आणखी स्पष्ट आहे. एखाद्या प्रोसेसरचा आधार आधी एका आवृत्तीत ‘कालबाह्य’ ठरवायचा. तो हवा असेल तर मुद्दाम एक पर्याय देऊन चालू करावा लागतो. कुणीच पुढे आलं नाही तर पुढच्या आवृत्तीत काढायचा. इंटेलच्या इटॅनियम चिपबाबत कर्नलने २०२४ च्या जानेवारीतल्या ६.७ मध्ये दार लावलं. जीसीसीने आवृत्ती १४ मध्ये त्याला कालबाह्य ठरवलं, पण मग सांभाळायला तयार असलेला माणूस मिळाला आणि तो शिक्का १५ मध्ये मागे घेतला. एकाच चिपबद्दल दोन प्रकल्पांचे दोन निर्णय, आणि मला ते दोन्ही बरोबर वाटतात. शिक्का मारला म्हणून माणूस सापडला.

इथपर्यंत सगळं मनासारखं. आता जिथे मला टोचतं तिथे येतो.

या साऱ्या पद्धती एका गृहीतावर उभ्या आहेत: ज्याला गरज आहे तो बोलेल. सूचना वाचेल, इंग्रजीत मेल लिहील, कुठे लिहायचं हे त्याला माहीत असेल, आणि लिहिलं तर कुणी ऐकेल असा त्याला विश्वास असेल. सर्व्हर सांभाळणाऱ्या इंजिनिअराच्या बाबतीत हे ठीक. साखळी गावातल्या एखाद्या प्रेसमधल्या डीटीपी ऑपरेटरच्या बाबतीत यातलं एकही खरं नाही. त्याचा संगणक बिघडला तर तो शेजारच्या मुलाला बोलावतो. प्रोग्राम चुकला तर तो म्हणतो, मराठीत असंच येतं. आपण मराठी माणसांनी तुटलेली अक्षरं, फुटलेल्या वेलांट्या, चौकोनी डबे इतकी वर्षं पाहिले आहेत की बिघाड हा आपल्याला हवामानासारखा वाटतो. त्याची तक्रार करायची असते हेच आपल्या ध्यानात येत नाही.

डेबियन या लिनक्सच्या प्रकारात कोणतं पॅकेज, म्हणजे कोणता प्रोग्राम, किती जण वापरतात याचा एक अंदाज मिळतो, पण तो ज्यांनी होकार दिला त्यांच्याच यंत्रांवरून. जे यंत्र इंटरनेटला लागतच नाही, ते त्या गणतीत कधी येणार? शून्य दिसतं, पण ते कुणाचं शून्य, हे आकड्यावर लिहिलेलं नसतं.

एक उदाहरण घ्या, आपल्या अक्षरातलंच. ‘दुसऱ्या’, ‘वाऱ्यावर’, ‘तऱ्हा’ यांत जो अर्धा र येतो तो हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये तो दोन प्रकारे लिहिता येतो. ‘ऱ’ आणि हलन्त, ही आजची रीत. इन्स्क्रिप्ट कळफलकावर शिफ्ट दाबून ‘र’ची कळ. दुसरी जुनी रीत, साधा ‘र’, हलन्त आणि त्यापुढे शून्य रुंदीचा जोडक, म्हणजे न दिसणारं एक चिन्ह. ही दुसरी रीत युनिकोडच्या आवृत्ती २.० मध्ये होती म्हणून केवळ मागच्या मजकुरासाठी आजवर राखलेली आहे. अक्षरं जुळवणारा कोड लिहिणाऱ्याने समजा आपल्याजवळच्या देवनागरी मजकुरावर मोजणी केली आणि तो मजकूर बहुतांशी हिंदी असला, तर हा सगळा भाग त्याला निरुपयोगी दिसेल. मोजणी अचूक आणि निष्कर्ष चुकीचा. ज्यांनी तो नियम राखला त्यांचा मी ऋणी आहे. त्यांना आपल्यातलं कुणी जाऊन सांगितलं असेल तर त्याचाही.

म्हणून मी त्या मुलीला लिहिलं की तुझी पुल रिक्वेस्ट बरोबर आहे, पण मूळ कोडमध्ये मर्ज करण्याआधी आपण विचारून येऊ. तिने विचारलं, “कुणाला विचारायचं, सर? वापरणारं कुणी नाहीच तर?” मी म्हटलं, ज्यांच्याकडे त्या फॉन्टमधल्या फाइली असतील त्यांना. लायब्ररी वापरतात का हे विचारूच नको. फाइली आहेत का, एवढंच विचार.

प्रकल्पाच्या पानावर आम्ही इंग्रजीत सूचना लावली होती, तिला एकही उत्तर आलं नाही. मग तीच मराठीत, फॉन्टचा नमुना चित्र म्हणून जोडून, प्रेसवाल्यांच्या आणि नाट्यमंडळांच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर फिरवली. ‘या वळणाची अक्षरं तुमच्या जुन्या फाइलींत आहेत का?’ उत्तरं आली ती बहुतेक बोलून रेकॉर्ड केलेली. त्या मुलीने प्रत्येकाला उलट फोन केला. ती फोंड्याची, बोलायला मोकळी. माझ्यापेक्षा तिला जास्त माहिती मिळाली.

म्हापशाच्या एका प्रेसमध्ये मी स्वतः गेलो. मालकांनी कपाटातून सीडींची चळत काढली. आपल्याकडच्या दमट हवेने बऱ्याच सीडींवर बुरशीची नक्षी उठलेली. ज्या वाचता आल्या त्यांत पेजमेकर या पानं जुळवण्याच्या प्रोग्रामच्या फाइली होत्या: देवस्थानांच्या उत्सवाच्या पत्रिका, एका भजनी मंडळाची स्मरणिका, गावातल्या कवींचे स्वखर्चाने काढलेले संग्रह. आणि नाटकं. गोव्यात गावोगावी देवळांच्या उत्सवात मराठी नाटक होतं. मोठ्या नाटककारांची होतात तशी गावातल्याच कुणा मास्तरांनी लिहिलेलीही होतात. त्यांच्या संहिता छापील पुस्तकांत कधी गेल्या नाहीत. प्रॉम्प्टरच्या हातातल्या प्रतीसाठी कुणीतरी टंकून घेतल्या, प्रयोग झाला, फाइल राहिली. मालक म्हणाले, “ह्या उघडतात हो, पण वाचायच्या कशा? तो फॉन्ट चालणारा संगणकच गेला.”

म्हणजे गरज होती, आणि ती ज्यांना होती त्यांना आमची लायब्ररी अस्तित्वात आहे हेही ठाऊक नव्हतं. ‘वापर नाही’ हे शब्दशः खरं, आणि तरी त्या शब्दांवरून काढायचा निष्कर्ष उलटा.

त्या दिवशी मला असं वाटू शकलं असतं की मग फाइल ठेवावी. उलट मी अधिक ठाम झालो. त्या मालकांनी आमच्या यादीत फॉन्टचं नाव वाचून संहिता रूपांतरित केली असती, ‘सूत्रधार’चा ‘सूधार’ घेऊन ते घरी गेले असते, आणि पुढे कधीतरी बुरशीने मूळ सीडीही गेली असती. गरज आहे म्हणून मोडका कोड ठेवायचा, हे त्या गरजेशीच बेइमानी करण्यासारखं आहे. गरज असेल तर दुरुस्त करावा; दुरुस्त करणारं कुणी नसेल तर तसं तोंडावर सांगावं.

दुरुस्त करायला आम्ही दोघं बसलो तेव्हा मात्र एक गोष्ट लख्ख दिसली, जी आधी दिसायला हवी होती असं त्या मुलीचं म्हणणं. त्या फाइलमध्ये दोन वेगवेगळ्या गोष्टी एकमेकींत गुंतल्या होत्या. एक, अक्षरांची अदलाबदल आणि फेरमांडणी करणारी यंत्रणा: जुनी, गुंतागुंतीची, पायथन २ च्या सवयींनी भरलेली. आता आमच्याकडे सगळ्या फॉन्टना पुरेल असं एकच नवं फेरमांडणीचं काम आहे, त्यामुळे ती यंत्रणा खरोखर निरुपयोगी होती. आणि दुसरी, तक्ता: या फॉन्टमध्ये कोणत्या जागी कोणतं अक्षर आहे. तो तक्ता कुठल्याच कागदपत्रात मिळत नाही. ज्याने तयार केला त्याने छापील पान आणि फाइल शेजारी ठेवून एकेक चिन्ह ओळखलं असणार. यंत्रणा कुणीही पुन्हा लिहू शकतो. तो तक्ता नाही.

मला वाटतं, कोड हटवण्याच्या बहुतेक वादांत हा गुंता असतो. एक बाजू म्हणते कोड मेला आहे, दुसरी म्हणते त्यात ज्ञान आहे, आणि दोघंही एकाच फाइलकडे बोट दाखवत असतात. ड्रायव्हरमध्येही असंच. हार्डवेअरच्या कुठल्या रजिस्टरला काय लिहिलं की काय होतं, हे कधीकधी त्या ड्रायव्हरशिवाय जगात कुठेही नोंदलेलं नसतं. कोड गेला तर जाऊ दे, पण आधी त्यातलं जे दुसरीकडे नाही ते बाहेर काढून वाचता येईल अशा रूपात ठेवलं पाहिजे.

गिटमध्ये, म्हणजे कोडमधल्या बदलांचा इतिहास जपणाऱ्या प्रणालीत, सगळं राहतंच की, असं यावर कुणीतरी म्हणेलच. राहतं, हे खरं. हटवलेली फाइल मागच्या कमिटमधून, म्हणजे बदलाच्या नोंदीतून, परत आणता येते, म्हणूनच हटवताना हात थरथरू नये. पण इतिहासात ती शोधणार कोण? ती तिथे होती हे ज्याला माहीत आहे तोच. आणि इतिहासालाही कुंपण असतं. लिनक्स कर्नलचा मुख्य गिट साठा सुरू होतो एप्रिल २००५ पासून; त्याआधीचं पाहायचं तर वेगळे साठे धुंडाळावे लागतात. म्हापशाचे ते मालक गिटमध्ये शोधणार नाहीत. त्यांना दिसेल ते आमचं पहिलं पान.

तर आम्ही असं ठरवलं. यंत्रणा पूर्ण काढायची, मागे टिप्पणी करून ठेवलेली एकही ओळ राहू द्यायची नाही. तक्ता क्रमांक दुरुस्त करून साध्या मजकुराच्या फाइलमध्ये ठेवायचा, कोणत्याही भाषेतल्या प्रोग्रामला वाचता येईल असा. त्याच्या शेजारी नमुन्याची खरी पानं ठेवायची, ज्यांनी परवानगी दिली त्यांच्या संहितांमधली. चाचण्या त्यांच्यावर चालतील. चालणाऱ्या फॉन्टच्या यादीतून नाव काढून त्याच पानावर मराठीत लिहायचं की हा फॉन्ट अमुक आवृत्तीपर्यंत होता, चुकीचं उत्तर देत होता, तेव्हा केलेलं रूपांतर पुन्हा तपासून घ्या. हे शेवटचं वाक्य त्या मुलीने घातलं. मला ते सुचलं नव्हतं, आणि सगळ्या सूचनेत तेच सर्वांत गरजेचं आहे.

नव्या यंत्रणेवर तक्ता बसवून या फॉन्टचं नाव यादीत परत आणायचं काम ती करते आहे. ते पूर्ण होईल की नाही ते तिच्या परीक्षांवर आणि तिच्या इच्छेवर. नाही झालं तरी तिच्यावर कसलं ओझं नसावं. अनाथ ही स्थिती लिहून ठेवता येते, हे मी कर्नलकडून शिकलो आहे.

आवृत्ती काढायची तारीख आधी जुलैची होती, ती पुढे ढकलली. चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, आधी प्रेसवाल्यांना मान वर करायला फुरसत नसते, पत्रिका आणि पावत्यांचा ढीग असतो. त्यांना फाइली शोधून पाठवायच्या असतील तर चवथ होऊन जाऊ दे. हटवण्याचं वेळापत्रक ज्यांचं काही हटणार आहे त्यांच्या पंचांगाने लागावं, एवढा मान त्यांचा आहे.

तक्त्यातली काही चिन्हं अजून ओळखता आलेली नाहीत. एक बहुधा ‘ह्म’ आहे, कारण ते ‘ब्रह्म’च्या जागी बसतं, पण एकाच पानावरून खात्री देववत नाही. दुसरं एखाद्या जोडाक्षराचा वरचा अर्धा भाग असावा. या फॉन्टमध्ये छापलेलं पान आणि त्याची फाइल असं दोन्ही कुणाकडे असेल, मग ती पत्रिका असो की नाटकाचा एखादा प्रवेश, तर ती आम्हाला हवी आहेत. पान पिवळं पडलेलं चालेल, सीडी अर्धीच वाचता आली तरी चालेल.